बर्फवाले काका आणि रिकामी टाकी

उन्हाळ्याच्या गप्पा निघाल्या की कोणीतरी बर्फवाल्या काकांचं नाव काढतं, आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो. बरीच वर्षं मी हे करत आलो आहे. गोष्ट दर वेळी तीच सांगितली जाते. एक विक्षिप्त म्हातारा होता, घर थंड ठेवायचं त्याला वेड होतं, आणि त्या वेडापायी त्याची बायको भर मे महिन्यात मरता मरता वाचली. लोक हसतात, थोडे चुकचुकतात आणि एसीचा रिमोट उचलतात. या गोष्टीतला 'त्या वेडापायी' हा भाग खोटा आहे. तो खोटा आहे हे जाणणारा मी एकटाच आहे, कारण ते खोटं मीच बोललो होतो.

आता वय झालं. सांगायचं राहून गेलं तर गोष्ट तशीच पुढे चालत राहील, या विचाराने लिहायला बसलो आहे. पण आधी काका कसे होते ते सांगतो.

काका मूळचे कुहीकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी नागपुरात आले आणि सगळी नोकरी एका बर्फाच्या कारखान्यात यंत्रावर केली. निवृत्त झाले तोवर जरीपटक्याच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर झालं होतं. खाली ते आणि काकू राहत. वर आम्ही भाडेकरू, म्हणजे मी, माझी बायको आणि दोन मुली. मी सरकारी कचेरीत कारकून होतो. आमच्या घरात पुस्तकी मराठी बोलायची रीत, त्यामुळे काकांचं 'मले-तुले' ऐकून मी सुरुवातीला मनातल्या मनात हसायचो. हेही लिहून ठेवतो. पुढे जे झालं त्यात या हसण्याचाही वाटा आहे.

बर्फ वितळू नये एवढंच काकांनी जन्मभर पाहिलं होतं. निवृत्तीनंतर तीच नोकरी त्यांनी घरावर चालू ठेवली. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला अंगणात बसवून समजावलं.

"थंडी नावाची वस्तूच नसते, बाबू. असते ते गर्मी. बर्फाची लादी गार राहाते, ते काय भुसा तिले थंडी देते म्हणून? भुसा गर्मीले दारात अडवते. घराचंही तसंच हाये. सकाळी गुंडाळाचं, संध्याकाळी सोडाचं."

हे गुंडाळणं आणि सोडणं टोलावर चाले. अंगणातल्या पेरूच्या झाडाला रेल्वेरुळाचा वीतभर तुकडा टांगलेला होता. उन्हाळ्यात सकाळी आठला काका त्यावर लोखंडी खिळ्याने तीन ठोके देत. ठोके पडले की खालीवर सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, गच्चीवर उघडणारं जिन्याचं दार लावलेलं. संध्याकाळच्या टोलाला मात्र ठरलेली वेळ नव्हती. सूर्य कलला की काका खिडकीशी उभे राहायचे, एक हात आत, एक हात गजांमधून बाहेर, आणि डोळे मिटायचे. बाहेरचा हात आतल्या हातापेक्षा गार लागला की टोल. मग सगळी खिडक्या-दारं सताड उघडी, जिन्याचं दारही. दिवसभराची ऊब जिन्यातून वर निघून जायची. खालच्या खोलीत उदबत्ती लावली तर तिचा धूर जिन्याकडे वळताना दिसे. काका तो आम्हाला बोलावून दाखवत.

गल्ली हसायची. पण गल्लीतल्या बायका आठच्या टोलावर मुलांचे डबे भरायच्या, हेही खरं.

भिंतींशी त्यांचं वागणं वैद्यासारखं होतं. आईने मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तसा ते भिंतीला उलटा तळहात लावत. कोणाच्याही घरी गेले तरी बसायच्या आधी चारही भिंतींची विचारपूस व्हायची. "हिले ताप हाये," असं म्हणत आणि खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवत. एकदा आमचे साहेब जेवायला येणार होते. बायकोने दोन दिवस खपून तयारी केली होती. साहेब पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून बसले आणि तेवढ्यात काका वर आले. त्यांनी भिंतीला हात लावला, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, इथून उठा. हे भिंत दिवसभर खाते अन् रात्री दहापर्यंत ओकत बसते." जेवायच्या पाटावर ओकण्याची भाषा. मी शरमेने मेलो. साहेब मात्र उठले, पलीकडे बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, अरे, इथे खरंच बरं वाटतं. तरीही माझा राग गेला नाही. आपल्याला लाजवणारा माणूस बरोबर निघाला की त्याचा जास्तच राग येतो.

हिवाळ्यात काकांचा उपद्व्याप उलट दिशेने चाले. आमच्याकडची थंडी उन्हाळ्याइतकी प्रसिद्ध नाही, पण पौषात रात्री चांगलीच बोचते, आणि वरच्या मजल्यावर तर फरशीवर पाय ठेववत नसे. एका वर्षी बायकोने हीटर आणला. दाराखालून वारा येतोय, हीटर लालभडक होऊन जळतोय, आणि आम्ही त्याच्यासमोर तळवे शेकत बसलोय, पाठ गारच. काका आले आणि हीटरकडे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"फुटक्या माठात पानी भरून राहिली तू, सूनबाई. भोक पहिले बुजव."

त्यांनी उदबत्ती पेटवली आणि खोलीभर खिडक्यांच्या चौकटींजवळून, दाराखालून फिरवली. जिथे धूर हलला तिथे खडूने खूण केली. दुसऱ्या दिवशी काकूंनी जुन्या धोतराची लांब पिशवी शिवून त्यात लाकडाचा भुसा भरला आणि ती सापासारखी दाराच्या उंबऱ्यावर टाकली. खिडक्यांच्या फटीत काकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बसवल्या. सकाळी दहाला दक्षिणेची खिडकी उघडून ऊन फरशीवर घ्यायचं आणि चारच्या आत बंद करायची, असा नियम घालून दिला. त्या हिवाळ्यात हीटर झोपायच्या आधी थोडा वेळ लागायचा, नंतर तोही लागेना. धाकटी मुलगी त्या भुशाच्या सापाला 'काका' म्हणायची. काकांना ते फार आवडलं होतं.

कूलरबाबत त्यांचा एकच नियम होता, आणि तो ते लग्नकार्यातसुद्धा सांगत. कूलर चालू असेल तर समोरची खिडकी चार बोटं उघडी पाहिजे. "नाक दाबून श्वास घेता येते का?" एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, त्यांनी कार्यालयाच्या मागच्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडल्या होत्या. वरबाप धावून आला. दहा मिनिटांनी नवरीच्या गालांवरचा घाम वाळला तेव्हा त्याच वरबापाने काकांना आणखी एक गुलाबजाम वाढायला लावला.

पाण्याच्या बाबतीत ते अतिशय कडक होते. संध्याकाळी गच्ची भिजवायची, पण आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी साठवलेल्या पिंपातूनच. टाकीचं पाणी छताला लावणं त्यांच्या लेखी पाप होतं. वयाच्या सत्तरीत ते बादल्या उचलून जिना चढत. मी मदतीला गेलो तर म्हणत, "राहू दे गा. तू कचेरीतून दमून आला." रोज सकाळी नळ येऊन गेला की गच्चीवरच्या, दोन्ही मजल्यांच्या टाकीचं झाकण उचलून आत पाहून यायचे. या दोन गोष्टी वाचणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात. मी त्या कोर्टात सांगाव्यात तशा सांगतो आहे.

त्या वर्षीचा मे भयंकर होता. वरचा मजला थेट गच्चीखाली, त्यामुळे आमच्या खोल्या दुपारी तव्यासारख्या तापत. गच्चीला चुना मारून झाला होता, तुराट्यांच्या ताट्या टाकून झाल्या होत्या, तरी काकांचं समाधान होईना. ते आमच्या खोलीत येऊन खुर्चीवर चढून छताला हात लावायचे आणि मान हलवत खाली उतरायचे. शेवटी त्यांनी ठरवलं की कुहीला जाऊन भावाकडून धानाचं तणस, म्हणजे पेंढा, आणायचं, ते पोत्यांत दाबून भरायचं आणि गच्चीवर पोती अंथरायची. बर्फाच्या लाद्यांना भुसा, तसं आमच्या छताला तणस. त्यांचं स्वतःचं घर खाली गारच होतं. तणस आमच्यासाठी होतं.

ज्या दिवशी ते कुहीला गेले त्या दिवशी माझी बायको मुलींना घेऊन माहेरी होती. सकाळी काकांनी टाकी पाहिली, झाकण लावलं, टोल दिला, काकूंना चार बोटांची आठवण करून दिली आणि बस पकडायला गेले. त्यांना गच्चीवर चढताना आणि उतरताना मी माझ्या दारातून पाहिलं होतं.

मी कूलर भरायला घेतला. आमचा कूलर मागच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर होता. न्हाणीच्या नळाला नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक कूलरमध्ये सोडायचं, हा नागपुरातल्या घरोघरचा उन्हाळ्याचा उद्योग. नळी सोडली आणि फोन वाजला. कचेरीतून होता, साहेब लवकर आले होते आणि एक फाइल सापडत नव्हती. ती कुठल्या कपाटात आहे हे मलाच माहीत होतं. मी शर्ट चढवला, दाराला कुलूप लावलं आणि निघालो. नळ चालूच राहिला.

मागे रिकामा प्लॉट होता, बेशरमाच्या झुडपांनी भरलेला. कूलर भरून वाहू लागला तरी पाणी त्या झुडपांत पडत होतं. कोणाला दिसलं नाही, ऐकू आलं नाही. दुपार व्हायच्या आत टाकी रिकामी झाली.

खालचा कूलर काकांनी स्वतः जोडला होता. टाकीतून बारीक नळी, आत तरंगता गोळा, पाणी कमी झालं की आपोआप भरायचं. त्यामुळे त्यात पाणी आहे की नाही हे पाहायची काकूंना सवयच नव्हती. दुपारी कूलरचंही पाणी संपलं. पंखा फिरत राहिला आणि बाहेरची लू कोरडीच्या कोरडी आत फेकत राहिला. काकू त्याच्यासमोर झोपल्या होत्या. उठून पाणी प्यायला म्हणून चार पावलं चालल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात पडल्या.

काका चारच्या सुमारास हातठेल्यावर तणसाचे भारे घेऊन आले, तेव्हा त्या तिथेच होत्या.

मी साडेपाचला पोहोचलो. फाटकाशी ठेला तसाच उभा होता. शेजारच्या बाईंनी सांगितलं की काकूंना ऊन लागलं, दवाखान्यात नेलं, शुद्ध नव्हती. मी पिशवी ठेवायला वर गेलो. कुलूप काढलं आणि न्हाणीतून रिकाम्या नळाची फुसफुस ऐकू आली. नळी अजून खिडकीतून कूलरमध्ये गेलेली होती.

मला सगळं एका क्षणात कळलं. मी नळ बंद केला. नळी ओढून घेतली, नीट गुंडाळली आणि न्हाणीच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. मग दवाखान्यात गेलो. हे त्याच क्रमाने घडलं, आधी नळी, मग दवाखाना.

काकूंना सलाइन लावलं होतं, अंगावर ओल्या चादरी होत्या. काका बाहेर बाकावर बसले होते. केसांत तणसाच्या काड्या. मला पाहून उठले नाहीत.

"कूलर आग फेकत होता, बाबू," ते म्हणाले. "टाकीत थेंब नाई. सकाळी मी पाह्यली होती का नाई, मलेच आठवून नाई राहिलं."

तुम्ही पाहिली होती, मी तुम्हाला पाहिलं, एवढं एक वाक्य तिथे पुरेसं होतं. नळीचं नंतर सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "काकूंना काही होणार नाही," आणि त्यांच्या शेजारी बसलो.

काकूंना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या डोळे उघडून बोलू लागल्या. पहिला प्रश्न त्यांनी तणसाचा विचारला, ते बाहेर पडून आहे की आत घेतलं. तोवर त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. शिकलेला, शांत मुलगा. पण आईला त्या अवस्थेत पाहून तो बिथरला. वडिलांनी एसी कधी घेऊ दिला नाही याचा त्याच्या मनात जुना राग होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात, काकांसमोरच, त्याने मला विचारलं.

"तुम्ही वर राहता. टाकीत पाणी नव्हतं ते कसं?"

मी त्याच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं नाही, आणि म्हणालो, "काका हल्ली गच्चीवर पाणी जरा जास्तच शिंपडतात."

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "असन. वय झालं. हात टाकीच्या नळाकडे गेला असन."

जे पाप त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते त्यांनी माझ्या शब्दावर स्वतःचं मानलं. मी कचेरीतला, शुद्ध बोलणारा माणूस होतो. माझं बोलणं खोटं वाटणं त्यांना शक्यच नव्हतं.

गोष्ट गल्लीत पसरायला एक दिवस लागला. खाली एसी लागला. काकांनी टोल वाजवणं बंद केलं. आता ते दिवसातून दहा वेळा जिना चढून टाकीचं झाकण उचलून पाहायचे. दर वेळी माझ्या दारासमोरून जायचे, आणि त्यांची पावलं ऐकून मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो. ते भिंतीला हात लावेनासे झाले. कोणी मुद्दाम विचारलं, काका, या भिंतीला ताप आहे का, तर म्हणायचे, "आता मले नाई समजत, बाप्पा." गल्लीत ते विनोद म्हणून चालायचं.

हे असंच राहिलं असतं तर मी हे लिहूही शकलो नसतो. पण काकू होत्या.

काकू बोलायला कमी, पण त्यांचं बोलणं शेवटचं असायचं. महिनाभर त्यांनी एसीत काढला. मग एका सकाळी, मी कचेरीला निघालो असताना, त्यांनी एसी बंद केला आणि अंगणात येऊन खिळा काकांच्या हातात दिला.

"वाजवा."

"काहून वं? माझ्या टोलापायी तू..."

"तुमच्या टोलापायी मी चाळीस उन्हाळे काढले. एकात पडली. त्या डब्यात माझी हाडं दुखून राहिली. वाजवा म्हणते ना."

काका उभेच राहिले. तेव्हा काकूंनी त्यांच्या हातातला खिळा घेतला आणि स्वतः तीन ठोके दिले. जोर कमी पडला, पण गल्लीभर ऐकू गेला. समोरच्या घरातली एक खिडकी लागली. मग दुसरी. मी फाटकाशी उभा राहून ते पाहिलं आणि घाईघाईने निघून गेलो.

पुढच्या उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं. दुपारी तीन-तीन तास वीज नसायची. गल्लीत तोवर बरेच एसी आले होते, आणि एसीच्या भरवशावर लोकांनी ताट्या, चुना, पडदे सोडून दिले होते. वीज गेली की अर्ध्या तासात ती घरं भट्टी व्हायची. काकांचं घर मात्र बंद डोळ्यांनी बसलेल्या म्हाताऱ्यासारखं गार असे. आधी शेजारच्या बाई तान्हं मूल घेऊन आल्या. "आपका घर तो मटका है, काका," असं म्हणत त्या फरशीवरच आडव्या झाल्या. मग दोन-चार म्हाताऱ्या. मग कोणी विचारू लागलं की चुन्यात डिंक किती घालायचा, ताटी कोणत्या बाजूला बांधायची. काका आधी उत्तर द्यायचं टाळत. एका दुपारी मात्र शेजारच्या बाई हात धरून त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, देखो. मग काकांनी उलटा तळहात भिंतीला लावला.

"हिले लय ताप हाये, बेटा," ते म्हणाले. बाईंनी मला हे हसत हसत सांगितलं. मी घरात जाऊन तोंड धुतलं.

त्या तणसाची पोती शेवटी आमच्या छतावर पडलीच. आमची खोली किती उतरली हे मोजायला माझ्याकडे थर्मामीटर नव्हतं, पण त्या उन्हाळ्यात मुली दुपारी पत्ते खेळू लागल्या. आधी त्या नुसत्या पडून असत. माझ्या मुलींना मिळालेला तो गारवा आणायला माणूस गेला होता, म्हणून त्या दिवशी घरात नव्हता. हा हिशेब मी पुष्कळ वेळा मांडला. तो कधी माझ्या बाजूने लागला नाही.

सांगायचे प्रयत्न मी केले. एकदा संध्याकाळी मुद्दाम खाली जाऊन बसलो, म्हणालो, "काका, त्या टाकीचं..." त्यांनी मला मध्येच थांबवलं. "सोड गा, बाबू. झालं ते झालं. तू माझ्या बाजूने बसला होता दवाखान्यात, मी विसरलो नाई." यानंतर कुठल्या तोंडाने बोलणार? दुसऱ्यांदा, ते घर विकून मुलाकडे पुण्याला निघाले तेव्हा. सामानाचा ट्रक भरून उभा होता. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. काकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि नवीन घर घेशील तेव्हा पश्चिमेला शयनगृह ठेवू नको, एवढं तीनदा बजावलं. माझं वाक्य तिथेच राहिलं. नंतर पत्रं लिहिली. तिसऱ्या ओळीपुढे एकही गेलं नाही.

आज मी एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. बायको गेली. मुलगे नाहीत, थोरली मुलगी आणि जावई माझ्यासोबत असतात. आमच्याकडे एसी आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण सकाळी आठला घर गुंडाळलं जातं आणि संध्याकाळी मुलगी खिडकीशी उभी राहून एक हात बाहेर काढते. एसी रात्री तासभर लागतो, तोही रोज नाही. गच्चीला पांढरा रंग द्यावा म्हणून मी इमारतीच्या बैठकीत तीन वर्षं उभा राहिलो. लोक म्हणत, आजोबांना छंद आहे. चौथ्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या एका तरुण बाईने माझ्या बाजूने हात वर केला, मग आणखी काहींनी. आता रंग लागला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच बाईंनी मला त्यांच्या घरी बोलावलं आणि विचारलं, "आजोबा, ही भिंत एवढी का तापते?" मी हात लावून सांगितलं. हे तुम्हाला कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा काकांचं नाव चांगल्या गोष्टीसाठी मोठ्याने घेतलं.

काका मागच्या हिवाळ्यात गेले, नव्वदीच्या जवळ, झोपेत. काकूंनीच फोन करून कळवलं. आवाज थकलेला पण स्वच्छ होता. पुण्याच्या त्या उंच इमारतीतही काकांनी शेजाऱ्यांच्या दारांखाली भुशाच्या पिशव्या टाकल्या होत्या म्हणे. लिफ्टमध्ये लोक त्यांना थांबवून सल्ला विचारत. काकू हसत होत्या. मग म्हणाल्या, "पन रोज सकाळी गच्चीवर जाऊन टाकी पाहून याचे. वॉचमन म्हने, बाबा, आमी पाहतो ना. हे म्हनत, एकदा चुकली माझ्याकडून, आता नाई चुकू द्याची."

मी फोन ठेवला. नंतर हे लिहायला घेतलं. काकू आहेत. त्यांना वाचायला दिसत नाही, पण सून वाचून दाखवेल. त्यांचा मुलगाही ऐकेल. गल्लीतले जे उरले आहेत त्यांनाही मी प्रती पाठवणार आहे. त्यांनी गोष्ट पुन्हा सांगावी, पण आता अशी सांगावी. आणि काकांना जे तोंडावर सांगायचं होतं ते इथे लिहितो.

काका, त्या सकाळी तुम्ही टाकी पाहिली होती. झाकण लावून उतरलात, मी माझ्या दारातून पाहिलं. टाकीच्या पाण्याचा एक थेंबही तुम्ही गच्चीवर कधी टाकला नाही. नळ मी उघडा ठेवून गेलो होतो. नळी मी लपवली. तुमच्यासमोर खोटं बोललो, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. तुमच्याकडून काहीही चुकलं नव्हतं. मला माफ करा.